गोदूताईंचं पान

मराठी विकिपीडियावर आमदार-खासदाराचं चरित्र लिहिणं त्या मानाने सोपं. निवडणुकीचे आकडे असतात, सभागृहातली भाषणं असतात, अलीकडचा उमेदवार असेल तर प्रतिज्ञापत्रसुद्धा. संघटकाचं तसं नाही. आयुष्य जातं वर्गणी गोळा करण्यात, सतरंज्या उचलण्यात, गावं पालथी घालण्यात. मागे उरतं पक्षाचं मुखपत्र, स्मरणिका, फार तर गौरवग्रंथ. आणि गौरवग्रंथात कुणी कधी कुणाशी भांडलेलं नसतं.

सध्या वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी (गोदूताई) परुळेकरांच्या पानावर बसलेय. त्यांचे पती शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर गेले, त्यामुळे त्यांची माहितीचौकट पटकन भरते. गोदूताईंचं काम मात्र डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं, ते कुठल्या रकान्यात घालायचं?

मोठा आधार त्यांचंच पुस्तक, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, ही लग्नगड्याची प्रथा त्यांनी जवळून पाहिलेली. तिचं वर्णन मी तिथून बिनधास्त घेते. पण चळवळीने काय साधलं हे त्या सांगतात, तेव्हा आपल्याच कामाचा हिशेब मांडत असतात. तिथे ‘परुळेकर लिहितात’ हवंच, आणि शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी संदर्भ. सरकारी कागद तटस्थ असतो या भ्रमातही राहू नये. ज्यांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांचाच तो अहवाल.

गोळीबारावरून आठवलं. १० ऑक्टोबर १९४५चा, तलवाड्याला वारल्यांवर झालेला पोलिसांचा गोळीबार ‘काँग्रेस सरकारने केला’ असं कुणी सहज लिहून जातं. मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच राजीनामा दिला होता. त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळासाहेब खेर सत्तेवर परत आले ते १९४६ मध्ये. मधली सगळी गव्हर्नरची राजवट. वाक्य काढायलाच हवं. मात्र १९४६ मध्ये परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं ते खेरांच्याच कारकिर्दीत, हेही लिहायलाच हवं. एक खोडून दुसरं गाळलं, तर मीही कुणाची तरी कार्यकर्तीच झाले की! (आणि हो, ‘पालघर जिल्हा’ नको. तो २०१४चा.)

‘झुंजार’, ‘रणरागिणी’ वगैरे विशेषणं मी फार वाद न घालता काढते. वारली त्यांच्यासाठी काय करायला तयार झाले हे नीट लिहिलं की विशेषणाची गरज उरत नाही.

पुढचं पान दुसऱ्या टोकाचं घेणार आहे, जनसंघ-भाजपचे वसंतराव भागवत. माळी, धनगर, वंजारी या समाजांना पक्षाशी जोडण्याच्या ‘माधव’ सूत्राचं श्रेय त्यांना सगळेच देतात. पण ते प्रत्यक्षात राबवलं कसं, कुठल्या तालुक्यात कुणाला पुढे आणलं, हे त्या वेळच्या छापील बातमीतून मिळालं तर हवंय. कुणाच्या घरी ऐंशीच्या दशकातली जिल्हा वर्तमानपत्रं असतील तर कळवा. श्रद्धांजलीची कात्रणं नकोत, ती माझ्याकडे भरपूर आहेत.