रविवारचा रिमांड

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणातर्फे, म्हणजे आरोपींची मोफत वकील म्हणून, त्या रविवारी मी रिमांडला होते. अटकेतल्या माणसाला कुठल्या कोठडीत ठेवायचं, ते तिथे ठरतं. चोरीच्या संशयात धरलेला विशीतला पोरगा, पोलिसांना चार दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, हवी. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शीला बारसे खटल्यापासून, म्हणजे 1983 पासून, हे विचारणं मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे. पोरगा म्हणाला, "नाही साहेब." शेजारी तपासी अंमलदार उभा, आणि रात्री त्याच्याच लॉकअपमध्ये परतायचं. दुसरं काय म्हणणार?

पण तो पावलांच्या कडांवर चालत होता. पाच मिनिटं मागून घेतली, अंमलदाराला ऐकू जाणार नाही अशा जागी. "मारलं का?" विचारलं की मान खाली जाते. "चप्पल घालता येते का?" म्हटलं तर पाय पुढे येतो. तळवे सुजलेले. तिथली कातडी जाड, वळ सहसा उमटत नाहीत, म्हणून तर तिथे मारतात. मांडीमागे मात्र रुळांसारख्या दोन समांतर रेषा, मधली जागा फिकी. ही काठीची खूण.

मेडिकलच्या कागदावर "जखम नाही". कपडे न काढता तपासलं की हेच होतं.

अर्ज हातानेच लिहिला. नुसतं "मारहाण झाली" टिकत नाही. कुठल्या खोलीत, किती वाजता, कशाने, कुठे, हे लागतं. साहेबांनी स्वतः पाहून जखमा रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या नोंदीत, घ्याव्यात. दुसऱ्या सरकारी डॉक्टरने पुन्हा तपासावं, पोलीस दाराबाहेर, प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, रंग लिहून. ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपावं. घाई याची, की निळा वळ आठवड्याभरात हिरवट-पिवळा होतो आणि दोनेक आठवड्यांत जातो. "जामिनानंतर बघू" म्हणणाऱ्या वकिलाच्या हाती काही उरत नाही. फुटेज 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे 18 महिने ठेवायचं असतं, तरी "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयारच असतं. म्हणून तो कधी बंद पडला आणि दुरुस्तीचं पत्र कुठे आहे, तेही मागितलं.

साहेबांनी तळवे पाहिले, नोंद घेतली, पीसीआर नाकारून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, दिली. पोरगा येरवडा तुरुंगात गेला, म्हणजे निदान ते लॉकअप सुटलं. फेरतपासणीत मांडीचे वळ आणि तळव्यांची सूज, दोन्ही लिहून आलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 खाली त्या अहवालाची प्रत आरोपीला मिळायला हवी. आपसूक मिळत नाही, लेखी मागावी लागली.

बाहेर आईने विचारलं, "ताई, पोलिसांवर केस आत्ताच करायची का?" कबुलीसाठी इजा करणं हा न्याय संहितेच्या कलम 120 चा गुन्हा, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला वर्षाची मुदत. तिला म्हटलं, कागद आता आपल्याकडे आहेत. पोरगा बाहेर येऊ दे, मग तोच ठरवेल.