गाण्यानं मूल हुशार होतं का?

बालवर्गातल्या मुलांचे पालक आणि नव्या शिक्षिका एक प्रश्न हमखास विचारतात: गाण्यानं मूल हुशार होतं का, आणि मग रोज किती वेळ गाणी लावायची? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढेल’ ही समजूत १९९३ सालच्या ज्या प्रयोगावरून पसरली, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. आकृत्यांच्या कोड्यांत दिसलेला फायदा १०-१५ मिनिटांत ओसरला. लहान मुलं त्यात नव्हतीच. तेव्हा गाणी लावण्याचं सोडा. मूल स्वतः गातं, ठेका धरतं, थांबतं, तेव्हा शिकतं.

आधी पट्टीचं, म्हणजे गाणं किती उंच स्वरात सुरू करायचं ते बघा, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा (दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यातच सहज फिरतो. मोठी माणसं आपल्या सोयीनं खाली सुरू करतात. तिथे मुलांचा आवाज पोचत नाही, मग ती नुसती बोलतात किंवा ओरडतात, आणि आपण त्यांना बेसूर ठरवून मोकळे होतो! पट्टी दोन-तीन स्वरांनी चढवून बघा, बरीच मुलं सुरात येतील. ‘अजून मोठ्यानं’ असं मात्र सांगू नका. गळा आवळला की सूर सुटतो.

लयीचंही तसंच. लहान मुलांची स्वाभाविक लय आपल्यापेक्षा जलद असते. आपण संथ टाळी धरली की ती मधल्या जागा भरून काढतात. म्हणून मुलाच्या चालीवर ढोलकी वाजवा, त्याला आपल्या ठेक्यावर ओढू नका. ते स्थिरावलं की लय हळूहळू उतरवता येते. ढोलकी थांबली की जागच्या जागी थांबायचं, हा खेळ स्वतःला आवरायचा उत्तम सराव आहे. पण दर वेळी आठव्या मात्रेला थांबलात तर मुलं ऐकणं सोडून अंदाज बांधतात. थांबण्याची जागा बदलत ठेवा.

वाचनाची तयारीही इथेच होते. शब्दाचे तुकडे टाळीवर पाडा, पण कानानं. ‘कमळ’ म्हणताना क-मळ असे दोनच तुकडे ऐकू येतात. अक्षरं तीन म्हणून तीन टाळ्या मागितल्या की मूल गोंधळतं, कारण त्याच्यासमोर अजून अक्षरं नाहीत, फक्त आवाज आहे.

नवं गाणं ओळीओळीनं घोकून घेऊ नका. दोन-तीन दिवस अख्खं म्हणून दाखवा, मग ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि चार सेकंद थांबा. ही जागा स्पीकर देत नाही, म्हणून तुमचा साधा आवाज रेकॉर्डिंगपेक्षा बरा. आठवड्यातून एकदा तासभर गाण्यापेक्षा रोजची १०-१५ मिनिटं पुरतात.

खुळखुळे घरी केलेत तर बाटलीचं झाकण पक्कं चिकटवा. आतले मणी घशात अडकू शकतात. सगळ्यांच्या हाती एकदम वाद्यं देऊ नका, त्या गोंगाटात कुणालाच ठेका ऐकू येत नाही. अर्ध्यांनी वाजवावं, अर्ध्यांनी चालावं.

आणि वर्गात गप्प बसणारं मूल? ते बहुतेक वेळा ऐकून साठवत असतं, घरी गेल्यावर तेच गाणं म्हणतं. त्याला एकट्याला पुढे उभं करू नका.