आधी झोका सुटला, मग पाळणा

आमच्या घरातला सागवानी पाळणा माझ्या नवऱ्याच्या बारशासाठी करून घेतलेला आहे. लेकीचे नावही बाराव्या दिवशी त्याच पाळण्यात ठेवले आणि पुढे जवळजवळ पाच महिने ती त्यातच झोपली. एका दुपारी मी कुकर उतरवून खोलीत आले, तेव्हा ती पूर्ण कुशीवर वळली होती, मूठ कठड्यावर आवळलेली होती आणि तिच्या भाराने पाळणा त्या बाजूला कलून एक साखळी ताणली गेली होती. कठडा जेमतेम वीतभर उंच. बाळ पालथे पडू लागले की पाळणा सोडायचा, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. त्याच आठवड्यात आम्ही लाकडी कॉट आणली.

कॉट घेताना मी टेप सोबत नेली होती. दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, गादी घट्ट आणि सपाट असावी, गादी व चौकट यांच्या फटीत दोन बोटेसुद्धा जाऊ नयेत, एवढे मी पाहिले. कॉटबरोबर उशी, लोड आणि कडेने बांधायच्या मऊ गाद्या मिळाल्या. त्या दिसायला गोड असल्या तरी बाळाचे नाक त्यांत दबू शकते, म्हणून सगळ्या कपाटात ठेवल्या. अमेरिकेत तर अशा कडेच्या गाद्यांच्या विक्रीवर २०२२ साली कायद्याने बंदी आली.

मोहरीच्या उशीचा प्रश्न मात्र नाजूक होता. सासूबाईंनी ती बाळंतपणाआधीच स्वतःच्या हाताने शिवली होती. “अगं, डोक्याला गोल आकार येतो त्याने,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, “आई, जागी असताना तिला पोटावर खेळवू, म्हणजे डोक्यावर एकाच जागी भार येणार नाही, झोपेत मात्र उशी नको.” त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग त्यांनीच ती उचलून नेली. त्यांच्या त्या समजूतदारपणाचे मोल मला फार वाटते.

पहिल्या रात्री मी तिला थेट कॉटमध्ये ठेवले आणि ती अकराला, एकला, अडीचला रडत उठली. शेवटी पहाटे पुन्हा पाळणा. तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिला कॉटची भीती नव्हती, तिला हवा होता तो झोका. म्हणून आम्ही तिला पाळण्यातच ठेवले आणि झोका कमी करत नेला: आधी डोळे जड होईपर्यंत झोके द्यायचे आणि झोप लागण्यापूर्वी थांबायचे, मग चार-पाचच झोके, मग पाळणा अगदी स्थिर ठेवून केवळ अंगाई आणि छातीवर हलके थोपटणे. पाळण्याशेजारी मी सतत बसून असे. याच दिवसांत दुपट्यात गुंडाळणेही बंद केले, कारण पालथ्या पडणाऱ्या बाळाचे हात मोकळे हवेत. दोन रात्री ती दचकून उठली, तिसऱ्या रात्री मूठ तोंडात घालून स्वतःच शांत झाली.

स्थिर पाळण्यात झोप लागू लागल्यावर दुपारची झोप कॉटमध्ये सुरू केली. कॉटची चादर मी एक रात्र माझ्या अंगाखाली घेऊन झोपले आणि मग गादीवर ताणून घट्ट बसवली, म्हणजे तिला ओळखीचा वास मिळेल. रात्रीची झोप चार दिवसांनी तिथे हलवली. कॉट आमच्या पलंगाला लागूनच आहे; निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तिला अजूनही पाठीवरच निजवते. झोपेत ती आपण होऊन वळली तर तशीच राहू देते.

सगळे मिळून अठरा दिवस लागले. पाळणा तेलाने पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून सासूबाईंनी माळ्यावर ठेवला आहे. गेल्या आठवड्यात लेक गज धरून गुडघ्यांवर उभी राहिली, म्हणून गादी सर्वांत खालच्या खाचेत उतरवली.