दुपटं आणि टोपडं

घरात कुणाला सातवा महिना लागला की दोन पिशव्या भरायला लागतात. एकीत जुन्या सुती साड्या, दुसरीत लोकरीचे गुंडे. बाळंतविड्याची यादी कितीही लांबली, झबली, लंगोट, कुंची, बाळोती, तरी हौसेने हातात घेतली जातात ती कामं दोनच. दुपटं शिवायचं आणि टोपडं विणायचं. बाजारात दोन्ही मिळतात, पण या दोन गोष्टी विकत आणल्या की काहीतरी टाळल्यासारखं वाटतं खरं.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकाच जातीची कामं वाटतात. सुई आहे, धागा आहे, दुपारचा वेळ आहे आणि शेजारी बोलायला कुणीतरी आहे. प्रत्यक्षात ही दोन कामं स्वभावाने इतकी वेगळी आहेत की एकाच मांडीवर ती कशी नांदतात याचंच नवल वाटावं. गोधडी जे आहे ते जोडते. विणकामात आधी काहीच नसतं, एका दोरीतून कापड उभं करायचं असतं.

दुपट्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच. तिच्या चार घड्या घातल्या की 54 इंच लांब, 45 इंच रुंद असं चार पदरी दुपटं समोर येतं. कात्रीसुद्धा लागत नाही. ‘चौघडी’ हा शब्द आला तो इथूनच. नऊवारी घेतलं तर 324 इंच भागिले चार, 81 इंच. पावणेसात फूट लांबीची, एका मोठ्या माणसाची वाकळ एका लुगड्यात निघते. मोजपट्टी न धरता पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी गोधड्या शिवल्या त्या याच जोरावर, माप कापडातच होतं.

साडी मात्र निवडून घ्यावी. वापरून मऊ झालेली हवी, विरलेली नको. उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसत असेल तर ती आतल्या पदराला ठीक, वरच्याला नाही. सिंथेटिक साडी तर या कामात नकोच. ती घाम शोषत नाही, घड्यांत सरकते आणि शिवल्यानंतरही आतल्या आत फिरते. दोराही सुतीच घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून तो चांगला असं दुकानदार सांगतात, पण गोधडीत तोच दोष ठरतो. ताण आला की जुन्या कापडाला तो दोरा करवतीसारखा कापतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापडाला चिरा पडल्या तर काय घालणार? आत नवं कापड घालायचं असेल तर ते आधी धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आकसतं आणि वरची साडी सुरकुतते. लाल आणि मरून रंगांवर विश्वास ठेवू नये. मिठाच्या पाण्यावरही फार विसंबू नये. दोन-तीन वेळा धुऊन, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावं.

मग जमीन. हे काम टेबलावर होत नाही. सतरंजी अंथरायची, तिच्यावर घडी पसरायची, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. वरवंटा, पितळी डबा, जे जड असेल ते. हाताच्या तळव्याने मधून बाहेर अशी एकेक पदराची चुणी काढत जायचं. नंतर वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळे पदर टाचून घ्यायचे. हे टाचणं टाळण्याचा मोह प्रत्येकीला होतो आणि प्रत्येकीला तो भोवतो. टाचलं नाही की खालचा पदर हळूहळू सरकतो, वर काहीच दिसत नाही आणि निम्मं शिवून झाल्यावर दुपटं उलटं केलं की खाली घडी शिवली गेलेली असते.

काठ आत दुमडून कोपऱ्यापासून धावदोरा सुरू. आपल्याकडची एक जुनी पद्धत अशी की काठाकाठाने पूर्ण फेरी मारायची आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचं. दोन ओळींत इंचभर अंतर, इंचाला तीन टाके. काठ वजा जाता 52 गुणिले 43 इंचांच्या दुपट्यावर हे पावणेसात हजारांच्या आसपास टाके होतात. दोरा लागतो 57 मीटर, गाठी आणि टोकं धरून 65 मीटर जवळ असावा. सुईत एका वेळी हातभर, फार तर दीड हात दोरा ओवावा. लांब दोऱ्याने वेळ वाचतो हा भ्रम आहे. त्याला पीळ चढतो, गाठी बसतात आणि त्या सोडवण्यात वाचलेला वेळ जातोच, वर डोकंही फिरतं. चार-पाच टाके सुईवर घेऊन मग एकदम ओढायची सवय लागली की मिनिटाला वीस टाके होतात. म्हणजे साडेपाच तास, निवांत चार दुपारी. मधल्या बोटात अंगुस्तान मात्र हवंच. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, दुसऱ्या दिवशी बोट सांगतं.

बाहेरून आत येण्याच्या या पद्धतीत एक खोड आहे. कापडातला उरलासुरला झोल टाक्यांपुढे सरकत सरकत मध्यावर गोळा होतो आणि शेवटच्या चौकोनात फुगा उठतो. आता यावर उपाय काय? उसवायचं? गोधडीवाली उसवत नाही. ती तो फुगा बोटाने एका बाजूला दाबते, त्याची चपटी चुणी घालते आणि वर एक रंगीत ठिगळ ठेवून चारही बाजूंनी शिवून टाकते. लोक म्हणतात, वा, मध्यावर काय सुंदर चौकोन घातलाय! जुन्या वाकळांवरची कितीतरी ठिगळं अशीच, आधी गरज म्हणून आली आणि मग नक्षी झाली. गाडगे महाराजांना गोधडे महाराज म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रावरून. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. त्यांची कोपऱ्याची फुलं आणि आपल्या कोपऱ्यातली आवरलेली चिंधी शेजारी ठेवून पाहावी, नातं लगेच दिसतं.

आता टोपडं. इथे चुकीला ठिगळ नाही.

चार पदरी लोकर आणि 10 नंबरच्या सुया घ्याव्यात. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे, म्हणजे उलटे चालतात. नंबर वाढला की सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेतल्या बहिणीने नमुना पाठवला आणि त्यात 8 नंबर लिहिलं असेल तर ती सुई 5 मिलिमीटरची असते. आपल्या 8 नंबरने विणाल तर तिच्या बाळाचं टोपडं आपल्या बाहुलीला होईल. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर विचारावेत.

या लोकरीवर, या सुईने, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट एक सुई उलट विणलं तर 28 टाके आणि 36 ओळींचा तुकडा दहा सेंटिमीटरचा चौकोन व्हायला हवा. ‘हवा’ म्हणायचं कारण, हात सगळ्यांचे सारखे नसतात. सैल हाताचे त्याच दहा सेंटिमीटरांत 26 टाके बसतात. दोन टाक्यांनी काय होतंय, असं टोपड्यात चालून जातं. मोठ्या स्वेटरला तेच 280 टाके घेतले तर 100 सेंटिमीटरच्या छातीऐवजी पावणेआठ सेंटिमीटर जास्त भरतात आणि मग काकांचा स्वेटर काका आणि काकू मिळून घालू शकतात. म्हणून आधी हातभर नव्हे, निदान बारा सेंटिमीटरचा नमुना विणून मोजावा. हे सगळ्यांना माहीत आहे. करत फार कमी जण.

टोपड्यासाठी 84 टाके घालायचे. पहिल्या सहा सुया सगळ्या सुलट, म्हणजे चेहऱ्याकडचा काठ वळत नाही. सुलट-उलट विणीचं कापड कडेला गुंडाळतंच, कारण टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते आणि दोन्हींचा ताणही सारखा नसतो. त्यात विणणारीचा दोष नाही. काठ झाला की दहा सेंटिमीटर होईपर्यंत सरळ विणावं. मग खरी गंमत. टाक्यांचे तीन भाग मनात करायचे, 28-28-28. आता फक्त मधल्या 28 टाक्यांवर ये-जा करायची आणि प्रत्येक सुईच्या शेवटी मधला शेवटचा टाका आणि बाजूचा पहिला टाका एकत्र विणायचे, वळायचं, पहिला टाका न विणता उचलायचा. दर सुईला बाजूचा एक टाका मधला भाग गिळत जातो. 56 सुया झाल्या की दोन्ही बाजू संपतात आणि सपाट पट्टीचं डोक्याच्या आकाराचं वाटीसारखं टोपडं झालेलं असतं, एकही शिवण न घालता. पहिल्यांदा विणणारी या ठिकाणी हमखास थांबून ते मुठीवर घालून बघते. खालच्या कडेने टाके उचलून एक सुलट एक उलट अशी थोडी पट्टी विणली की मानेला नीट बसतं. पन्नास ग्रॅमच्या एका गुंड्यात टोपडं होऊन मोज्यांचा जोडही निघतो. केसाळ लोकर कितीही गोड दिसली तरी बाळाला नको, तिचे तंतू तोंडात जातात.

यात टाका निसटला तर? कापडात शिडी पडते, एकेक पायरी खाली. घाबरून सुई ओढली की ती आणखी उतरते. काम सपाट ठेवावं, क्रोशाची सुई सुलट बाजूने निसटलेल्या टाक्यात घालावी आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर यावं. दहा ओळी खाली गेलेला टाकाही असा सही-सलामत वर येतो. पण वीस ओळींपूर्वी दोनाऐवजी तीन टाके एकत्र विणले गेले असतील तर क्रोशा काही करत नाही. तिथे उसवणंच आलं. नक्षीचं काम असेल तर दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं. लोकलमध्ये विणणाऱ्यांनी तर ठेवावाच, स्टेशन आलं की माणूस टाके मोजत बसत नाही.

आणि म्हणूनच ही दोन कामं आलटून पालटून करणाऱ्यांचं बरं चालतं. विणून मनगट अवघडलं की दुपटं पसरावं, बसून पाठ भरली की खुर्चीत लोकर घेऊन बसावं. डोकं जागेवर असलेल्या दिवशी टाके मोजायचे. नसेल त्या दिवशी धावदोरा घालत राहायचं, तो कुणाचं काही मोजत नाही.

सोबतीचंही असंच. गोधडीला चार बाजू असतात, चौघी बसू शकतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा टपोरा, तिसरी बोलता बोलता ओळ तिरकी नेते. गोधडी हे सगळं पोटात घालते. वर्षांनी कुणी बोट ठेवून सांगतं, हा कोपरा आत्याचा. विणकामात ही भागीदारी चालत नाही. एकीने पाठ, दुसरीने पुढा विणला तर शिवताना एक भाग दोन बोटं लांब निघतो. एक बाही एकीची, एक दुसरीची हे तर भांडणाचंच कारण. विणकामात वाटून घ्यायच्या त्या गप्पा, सुया नव्हेत. अपवाद एकच, लोकरीची लड सोडवणं. एकीने दोन्ही हातांवर लड धरायची, दुसरीने गुंडा करायचा. तोही बोटांवरून सैल गुंडाळायचा. घट्ट गुंड्यात लोकर ताणून बसते, त्याच ताणात विणली जाते आणि धुतल्यावर स्वेटर आखडतो.

धुणं आलंच. दुपटं कसंही धुवा. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जातात, आपटल्या जातात, दोघींनी दोन टोकांना धरून पिळल्या जातात आणि खडकावर वाळतात. टोपड्याला कोमट पाणी, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं आणि आडवं ठेवून वाळवणं. ॲक्रिलिक लोकरीवर इस्त्री फिरवली की ती मरते. जीव गेलेल्या कापडासारखी लोळते, पुन्हा कधी उभी राहत नाही.

तीन-चार महिन्यांत टोपडं लहान होतं. दुपटं मात्र टिकतं आणि विरल्यावर पुढच्या वाकळीच्या आतल्या पदरात जातं. टोपडं एकतर पुढच्या बाळाकडे जातं किंवा उसवलं जातं. उसवताना शेवटी बंद केलेल्या टोकाकडून सुरुवात करावी, सुरुवातीच्या टाक्यांकडून लोकर नीट सुटत नाही. सुटलेली वाकडी लोकर लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून टांगावी, खाली किंचित वजन. अडचण असते ती फक्त ते बंद केलेलं टोक शोधण्याची. जिने ते आत खोचताना जास्त सफाई दाखवली असेल, तिचं टोपडं उसवायला संध्याकाळ जाते.