पान ४३

ही गोष्ट मी गेली काही वर्षं बऱ्याच जणांना ऐकवली आहे. नव्यानं रुजू होणाऱ्या संपादकांना तर हमखास. आजवर जशी सांगत आलो, आधी तशीच सांगतो.

मी एका प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. आमच्याकडे ‘यशाचं कपाट’ म्हणून एक कपाट आहे: विचार कसा करावा, निर्णय कसे घ्यावेत, ध्येय कसं गाठावं. या पुस्तकांना आम्ही आपसात नाकं मुरडतो, आणि कवितासंग्रह काढायला पैसे लागले की ह्याच कपाटाकडे बघतो. त्या दिवशी छापखान्यात होतं ते पुस्तक मात्र या कपाटातलं उजवं पुस्तक होतं. निर्णय घेताना आपण कुठे फसतो, यावरचं. २०८ पानं, म्हणजे सोळा पानी १३ फर्मे (एकाच कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), ३००० प्रती. आठ फर्मे छापून झाले होते. नववा दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढायचा होता.

सकाळी आमची नवी मुद्रितशोधक मुलगी एका हातात छापलेला तिसरा फर्मा आणि दुसऱ्या हातात दहाव्याचं प्रूफ घेऊन टेबलाशी येऊन उभी राहिली. पहिली प्रकरणं मी वाचली होती, शेवटची तिच्याकडे होती.

“सर, दोन्हीकडे तीन टक्केच कसे?”

पान ४३ वर लिहिलं होतं की येल विद्यापीठात १९५३ साली बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमची ध्येयं तुम्ही लिहून काढली आहेत का? फक्त ३ टक्क्यांनी काढली होती. वीस वर्षांनी पाहणी केली, तर या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली. पान १५१ वर हार्वर्ड, साल १९७९. तिथेही ध्येयं लिहिणारे ३ टक्के, मनात ठेवणारे १३, आणि ध्येयच नसलेले ८४. दहा वर्षांनी तेच ३ टक्के बाकीच्यांच्या सरासरी दसपट कमावत होते. विद्यापीठ निराळं, साल निराळं, आणि टक्का जुळ्या भावासारखा तोच. संदर्भ दोन्हीकडे नाही.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. याच पुस्तकातली ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ ही ओळ मी मोठ्या ऐटीत काढून टाकली होती. तिचं मूळ १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस तरी लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये नंतर खरोखरच मोजलं तेव्हा सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. हे सगळं मी शोधून काढलं होतं. मग येलवरून नजर कशी घसरली? कारण ती गोष्ट मला पाठ होती. विशीत कुठल्याशा पुस्तकात ती वाचून मी एका कार्डावर पाच ध्येयं लिहिली होती. ते कार्ड माझ्या खणात अजून आहे. पाचांत संपादक होणं नाही. ओळखीचं वाक्य आलं की डोळे वाचत नाहीत, नुसते मान डोलावून पुढे जातात.

दुपारपर्यंत आम्हा दोघांना कळायचं ते कळलं. येलमध्ये असा अभ्यास कधी झालाच नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयानंच तसं स्पष्ट करून ठेवलं आहे. १९९६ साली एका अमेरिकी मासिकानं या गोष्टीचा माग काढला होता. ती व्याख्यानांतून सांगणाऱ्या एका प्रसिद्ध वक्त्याकडे विचारणा केली, तर बोट दुसऱ्याकडे गेलं. दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं. तिसऱ्यानं पहिल्याचं.

हार्वर्डचा प्रश्न नव्हता, तो दहावा फर्मा अजून छापायचाच होता. प्रश्न तिसऱ्याचा होता. त्याचे ३००० कागद छापून, वाळून, घडी घालून थप्पीला लागले होते.

चार वाजता आम्ही बसलो. प्रकाशक, लेखक, निर्मिती बघणारे काका, ती मुलगी आणि मी. मार्ग तीन होते: आहे तसं जाऊ द्यायचं, शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायची, किंवा फर्मा रद्दीत टाकून नवा छापायचा. प्रकाशकांनी एक जुनं जाड रजिस्टर पुढे सरकवलं आणि हसत म्हणाले, “आपलंच पुस्तक आहे, आपणच वापरून बघू.” पुस्तकात सांगितलं होतं की चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं आपलं मत लिहून मोकळं व्हावं. नाहीतर जो पहिला बोलतो किंवा मोठ्यानं बोलतो, त्याच्या मागे बाकीचे वाहत जातात. आणि लिहून ठेवलेलं पुढे ताडून पाहता येतं. यावर मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांचा एक मासलेवाईक प्रयोग आहे. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनला जाण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते, काय काय घडेल आणि त्याची शक्यता किती. दौरे आटोपल्यावर विचारलं, तुम्ही काय अंदाज दिले होते? जे घडलं त्याला आपण आधीपासूनच जास्त शक्यता दिली होती, असंच मुलांना आठवत होतं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं.

तर आम्ही सगळ्यांनी लिहिलं, रजिस्टर मिटलं, आणि बोलायला लागलो.

लेखकांचा स्वर दुखावलेला होता. ही गोष्ट ते कित्येक वर्षं भाषणांत सांगत आले होते. “गोष्ट खोटी असेल, बोध तर खरा आहे ना?” ते म्हणाले. हा युक्तिवाद ऐकायला वाटतो तितका पोकळ नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं खपून दाखवलं आहे की ‘होईल तेवढं करा’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय समोर ठेवलं तर माणसाच्या हातून काम जास्त होतं. बोधाला टेकू हवाच होता तर हा होता, खरा आणि तपासलेला. पण त्यात येल नाही, संपत्ती नाही, टाळी पडत नाही. भाषणातला टाळीचा नेमका क्षण सोडायला कोण तयार होतं?

काका खर्चावर अडले. कागद, प्लेट, पुन्हा घड्या, बांधणीची उलटलेली तारीख. प्रकाशकांनी कागदावर मधोमध रेघ ओढून डावीकडे बाजूचे आणि उजवीकडे विरोधातले मुद्दे लिहायला घेतले. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिननं शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून सुचवलेली हीच रीत. फक्त फ्रँकलिननं त्यासाठी तीन-चार दिवस सांगितले होते, आमच्याकडे तासही नव्हता. डावीकडे दोन मुद्दे, उजवीकडे नऊ. उजवीकडच्या नवांतले सहा मुद्दे म्हणजे ‘छापून झालंय’ हेच, सहा तऱ्हांनी.

तेव्हा मी विचारलं, “फर्मा छापला नसता, तर हे पान आज छापायला पाठवलं असतं का?”

कुणीच हो म्हणालं नाही. बुडीत खर्चावरचं, म्हणजे आधीच झालेल्या आणि परत न येणाऱ्या खर्चापायी आपण कसे अडकतो यावरचं प्रकरण सहाव्या फर्म्यात छापून तयार होतं, आणि आम्ही पाचही जण ते वाचून बसलो होतो. फर्मा नव्यानं छापायचं ठरलं.

खरी मेहनत पुढे होती. चौथा फर्मा छापलेला, त्यामुळे पान ४८ चा शेवट हलवता येत नव्हता. तिथलं वाक्य अर्ध्यात तुटून पान ४९ वर जात होतं, आणि ४८ चा शेवटचा शब्द ‘आणि’ होता. तो ‘आणि’ जिथे होता तिथेच पडायला हवा होता. येलनं ४१ ओळी खाल्ल्या होत्या, तेव्हा नवा मजकूरही ४१ ओळींचाच हवा. बेचाळीस झाल्या तर पुस्तक बिघडतं, चाळीस झाल्या तर मध्ये भोक पडतं.

लेखक रुसून घरी गेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तिथेच बसून त्यांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा किस्सा लिहून दिला. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये कानेमन आणि त्यांचे सहकारी शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते, तेही निर्णय कसे घ्यावेत यावरच. किती वेळ लागेल, याचे प्रत्येकानं स्वतंत्र अंदाज लिहिले. सगळे दोन वर्षांच्या आसपास. मग गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं, अशा इतर गटांचं काय झालं? तो जरा ओशाळला. सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नव्हतं, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली होती. त्याला हे ठाऊक होतं, तरी त्यानं स्वतः दोन वर्षंच लिहिली होती. ऐकून सगळे गप्प झाले, आणि काम तसंच पुढे चालू ठेवलं. आठ वर्षं लागली. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह ओसरला होता, ते पुस्तक कधी वापरलंच गेलं नाही.

मजकूर ४४ ओळी भरला. तीन ओळी कमी करायला मला रात्रीचे साडेनऊ झाले. एक ओळ ‘त्याचप्रमाणे’ची ‘तसंच’ करून सुटली. शेवटची ओळ काही केल्या हटेना, ती त्या मुलीनं एक परिच्छेद दुसऱ्याला जोडून उडवली. ‘आणि’ जागेवर पडला तेव्हा काकांनी टाळी वाजवली.

एवढं होऊन पहिल्या फर्म्यात, लेखकाच्या मनोगतात, पान ७ वर एक ओळ राहिलीच: “वाचकहो, तुम्हीही त्या तीन टक्क्यांत या.” कुठले ते तीन टक्के, हे पहिल्या आवृत्तीत कुठेच सांगितलेलं नाही. एका वाचकानं पत्र लिहून विचारलंही होतं.

इथवर माझी नेहमीची गोष्ट. गेल्या महिन्यात हे लिहायला बसलो, तेव्हा तारखा नीट याव्यात म्हणून ते रजिस्टर मागवून घेतलं. वर्षानं उघडून बघायचं ठरलं होतं, ते कुणीच बघितलं नव्हतं.

पहिली नोंद काकांची, ठसठशीत अक्षरात: “फर्मा परत छापा. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही. खर्च माझ्या खात्यातून निघेल.” त्याखाली लेखक: “आहे तसं असू द्यावं.” मग माझं अक्षर, माझीच हिरवी शाई: “शुद्धिपत्र पुरेल. फर्मा टाकणं म्हणजे अतिरेक. खात्री ९० टक्के.” पानाच्या तळाशी चर्चेची टिपणं होती, प्रकाशकांच्या हातची. त्यांत तो प्रश्न आहे, शब्द जवळपास मी सांगतो तेच. पुढे कंसात त्या मुलीचं नाव.

काका खर्चावर अडले होते हे मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. त्यांचा चष्मा कपाळावर होता, तो उद्गारही कानात आहे. रजिस्टरात त्याचा मागमूस नाही.

ती मुलगी आता दुसरीकडे मुख्य संपादक आहे. मी फोन केला आणि आधी काही न सांगता नुसतं विचारलं, त्या दिवशी तो प्रश्न कुणी विचारला होता, आठवतंय?

“काकांनी,” ती म्हणाली. “मला अगदी स्पष्ट आठवतंय सर. चष्मा कपाळावर होता त्यांचा.”

मी तिला रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली, नावासकट. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“अक्षर कुणाचं आहे?” तिनं विचारलं.