विद्येचं झाड आणि कात्री

शाळेच्या आवारातली मोरपंखी लांबून ओळखू येते. लेकरांचा हात पोचतो तिथपर्यंत ती जराशी विरळ आणि त्याच्या वर गच्च असते. मोरपंखी म्हणजे विद्या. तिचं पान वहीत ठेवलं की पाठांतर होतं, पेपर सोपा जातो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाठांतराचं काय होतं ते गुरुजींना माहीत, पण झाडाचं काही बिघडत नाही. बोटभर शेंडा खुडला की महिन्याभरात मागून दोन-तीन नवे तुरे निघतात. तेच झाड कॉलनीतल्या बंगल्यापुढे असलं आणि कुणी दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावर हेजकात्री चालवली, की जन्मभराचं भुंडं होऊन बसतं.

मेंदीचं कुंपण गुडघ्यापर्यंत कापा, पावसाळ्यात पुन्हा कमरेला लागतं. कडुनिंबाची फांदी बुंध्यापासून तोडली तरी त्याच जागेवर झुबका फुटतो. जुन्या लाकडात झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब असतात, ते जागे होतात. मोरपंखीच्या जुन्या, तपकिरी लाकडात असे डोळे जवळजवळ नसतातच. तिला फूट येते ती फक्त हिरव्या भागातून. कात्री हिरव्याच्या आत, काड्यांपर्यंत गेली की तिथलं भोक कायमचं. खत घाला, पाणी घाला, नवस बोला, ते भरत नाही.

हा बहुतेक सूचिपर्णी झाडांचा स्वभाव आहे. देवदाराचंही तसंच. पण देवदार हिमालयात दीड हजार मीटरच्या वरचा गडी. सिमला-मनालीच्या सहलीतून पिशवीत घालून आणलेलं त्याचं रोप आपल्याकडच्या पहिल्याच मे महिन्यात हात टेकतं, त्यात लावणाऱ्याची चूक नसते. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची असली तरी चिवट आहे. परभणी-नांदेडचं बेचाळीस अंशांचं ऊन सोसते, चुनखडीच्या जमिनीचीही तक्रार करत नाही. तिला एकच गोष्ट सोसत नाही, मुळाशी साचलेलं पाणी.

आणि काळ्या जमिनीत आपण नेमकं तेच करून ठेवतो. भारी काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा घ्यायचा, तो शेणखत-पोयट्यानं भुसभुशीत भरायचा, मधोमध रोप. ऐकायला छान वाटतं. पावसाळ्यात भोवतालची काळी माती फुगून घट्ट होते, पाणी बाहेर जात नाही आणि खड्ड्याचा हौद होतो. त्यापेक्षा खड्डा दीड फुटाचाच घ्यावा, निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा बारीक मुरूम आणि पाटीभर चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, ओट्यावर बसवल्यासारखं लावावं. पिशवी फाडल्यावर मुळं गोल-गोल गुंडाळलेली दिसली तर बाहेरचा वेढा सुरीनं तीन-चार ठिकाणी उभा चिरायचा. जिवावर येतं, पण न चिरलेली मुळं तशीच फिरत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात झाड कलतं.

पाण्याचा हिशेब डोळ्यांवर सोडू नये. काळी माती वरून भेगाळते, पण खाली ओल टिकून असते. भेगा बघून रोज पाइप सोडणारे झाडाला बुडवून मारतात. बांबूची काडी वीतभर खोल खुपसायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही, कोरडी आली तर द्यायचं. दोन फुटी रोपाला पहिल्या उन्हाळ्यात चार दिवसांआड आठ-दहा लिटर साधारण पुरतं, तेही बुंध्यापासून थोडं लांब आळं करून. भेगा मात्र मातीनं बुजवाव्यात, कारण त्या उघडताना कोवळी मुळं तोडतात. वर सोयाबीनच्या भुसाचा चार बोटं थर द्यावा, बुंध्याला न टेकवता. टेकवला की उधईला जिना मिळतो.

मोरपंखीची एक खोड जाणून असावं. ती मेल्यावरही कित्येक दिवस हिरवी दिसते. मुळं कुजून गेलेली असतात, वर रंग तसाच, फक्त चमक उतरलेली. लोक म्हणतात, सुकल्यासारखी वाटतेय, अजून पाणी घाला. पान बोटांत चुरून बघावं. लवचीक असेल आणि राळेसारखा वास आला तर जीव आहे, पापडासारखं मोडलं तर आपण उशिरा पोचलो.

तपकिरी दिसलं की सगळेच घाबरतात, पण तपकिरी रंगाचीही भाषा असते. फांद्या बाजूला सारून आत बघितलं आणि बुंध्याजवळची पानंच वाळलेली दिसली, टोकं हिरवीगार असली, तर ते म्हातारपण आहे. दोन्ही हातांनी झाड हलवून तो कचरा झटकून टाकावा. थंडीत सगळं झाड एकसारखं तांबूस पडलं तर ते हवामान, फेब्रुवारीत हिरवं होतं. पश्चिमेची एकच बाजू करपली तर समोर पत्रा किंवा पांढरी भिंत आहे का बघावं. मे महिनाभर तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा केला तरी भागतं. खालून गुडघ्यापर्यंत एकाच बाजूनं जळालं असेल तर गल्लीतलं कुत्रं तिथं मुततंय. त्याला औषध नाही, जाळीच लावावी. एखादी अख्खी फांदी एकदम गेली तर मूळ किंवा उधई, तिथं उकरून बघावंच लागतं.

एप्रिलमध्ये सगळ्या झाडावर धुळकट, कांस्यासारखी झाक आली तर कोरा कागद खाली धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले मिरीच्या पुडीसारखे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. पहिलं औषध म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, आतून-बाहेरून, तीन-चार दिवसांआड तीन वेळा. तेवढ्यानं न हटल्यास निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थेंबभर साबण घालून, संध्याकाळी. भर उन्हात तेल किंवा गंधक मारलं की कोळ्याआधी पानं जळतात.

आता कात्री. पहिलं वर्षभर ती घरातच राहू द्यावी. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडे बघायचं. सारख्या ताकदीचे दोन शेंडे इंग्रजी व्हीसारखे चढत असतील तर एक ठेवून दुसरा जिथून फुटलाय तिथून काढायचा, आणि तो पेन्सिलीएवढा असतानाच. अंगठ्याएवढा झाल्यावर काढला तर त्या बाजूला कायमची खिडकी पडते. तेव्हा मग न कापता दोन्ही शेंडे जुन्या सुती कापडाच्या पट्टीनं सैल बांधावेत. तार नको, ती सालीत रुतते आणि गारपिटीत झाड नेमकं तिथंच मोडतं.

आकार देताना बुडाला रुंद आणि शेंड्याला निमुळतं, एवढंच लक्षात ठेवायचं. खालच्या फांद्यांवर ऊन पडलं पाहिजे. वर छत्री आणि खाली दांडा अशी मोरपंखी काही लोकांना फार देखणी वाटते, पण खालचा झगा एकदा उतरला की परत चढत नाही. टोकं दोन-तीन सेंटिमीटर कापायची, त्या वर्षीच्या वाढीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. कोवळ्या झाडाला तर कात्रीपेक्षा अंगठा आणि तर्जनी बरी. मार्च ते मे हात लावायचा नाही, कारण उघडी पडलेली आतली पानं सरळ भाजतात. फेब्रुवारीत हलकी छाटणी चालते, पण खरी वेळ जूनच्या अखेरीची. दोन चांगले पाऊस झालेले असावेत, जमीन ओली आणि त्या दिवशी उघडीप.

खुडलेली टोकं कचऱ्यात टाकू नयेत. शाळा नुकतीच भरलेली असते, वह्या कोऱ्या असतात. टोपलीत घालून फाटकाबाहेर ठेवली की मधल्या सुट्टीत टोपली रिकामी होते.