तुम्ही विचारलंत म्हणून: सूत्रकृमीच्या वर्गात डॉल्फिन कशाला?

डाळिंबाच्या बागायतदारांशी सूत्रकृमीबद्दल, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींबद्दल, बोलताना मी आधी गंगेतल्या डॉल्फिनचं चित्र दाखवतो. मग कुणीतरी विचारतंच, "सर, आमच्या मुळांवरच्या गाठींचा आणि या माशाचा काय संबंध?"

मासा नव्हे, सस्तन प्राणी तो. बिहारात त्याला सोंस म्हणतात; 2009 मध्ये तो आपला राष्ट्रीय जलचर ठरला. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं, त्यामुळे जेमतेम उजेड-अंधार कळतो. गढूळ पाण्यात तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो.

गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मुळात शिरणारी अळी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. डोळे नाहीतच. डोक्याशी रसायनं टिपणारे दोन बारीक खळगे असतात, त्यांच्या जोरावर ती मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढते. आणि तिचा सगळा प्रवास मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून होतो. माझ्या लेखी तीही जलचरच आहे. हे एकदा मनात बसलं की बागेकडे बघायची नजर बदलते, म्हणून ते चित्र.

पुढे मात्र दोघांची वाट वेगळी. डॉल्फिन आयुष्यभर पोहतो, शिकार करतो. ही अळी मुळात शिरली की एका जागी रुतते, आसपासच्या पेशी फुगवून त्यांच्यावरच जगते. मादी नासपतीसारखी फुगते आणि शेकडो अंडी घालते. गाठाळलेलं मूळ पाणी नीट ओढू शकत नाही. दुपारी झाड मलूल दिसतं, शेतकरी ठिबक आणखी वेळ चालवतो. हलकी जमीन सतत ओली राहिली की अळ्यांचं फावतंच. हे बघताना माझा जीव तुटतो, कारण तो माणूस झाड वाचवण्यासाठीच धडपडत असतो.

मातीत असताना अळी काही खात नाही, अंगातल्या चरबीवर तगते. मूळ सापडलं नाही तर उपाशी मरते. लागवडीआधी उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू दिलं, तर तिचं पाणीही तुटतं. उभ्या बागेत नांगर घालता येत नाही. तिथे झेंडू लावा, निंबोळी पेंड द्या. आणि गुटी कलमं (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं) घेताना एक-दोन पिशव्या फाडून मुळं धुऊन बघा. गाठी दिसल्या तर ती रोपं शेतात नेऊच नका, कितीही स्वस्त मिळोत.